मिसुरीच्या बर्फावर, फेब्रुवारी १८०५

तुमच्या पायांखाली मिसुरी नदी आहे. दिसत नाही, पण आहे. बर्फाच्या जाड थराखाली ती वाहते आहे आणि अधूनमधून खालून कडकड असा आवाज येतो. तारीख ४ फेब्रुवारी १८०५. आभाळ निरभ्र, वारा वायव्येचा. सकाळी निघताना कॅप्टन लुईसनं तापमापी पाहिली तेव्हा पारा शून्याखाली १८ फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपल्या हिशेबानं उणे २८ अंश सेल्सिअस. श्वास बाहेर पडताच दाढीवर गोठतो. डोळे वाऱ्याने पाणावतात आणि पापण्या एकमेकींना चिकटतात.

तुम्ही कॅप्टन क्लार्कबरोबरच्या सोळा जणांपैकी एक आहात. मागे राहिला तो फोर्ट मँडन, लाकडी ओंडक्यांचा छोटा किल्ला. हा मुलूख आजच्या नॉर्थ डकोटा राज्यातला. राष्ट्राध्यक्ष जेफरसननं लुईस आणि क्लार्क यांना पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला पाठवलं आहे, आणि हिवाळ्यानं ही तुकडी मँडन आणि हिदात्सा लोकांच्या गावांशेजारी अडकून पडली आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात मारलेलं मांस संपत आलं आहे. बायसनचे कळप कित्येक आठवडे फिरकलेले नाहीत. गावातले लोकही मांसावाचून हाल काढत आहेत. म्हणून ही मोहीम: नदीच्या पात्रातून खाली जायचं, काठच्या झाडीत हरणं शोधायची आणि मिळेल ते मांस घेऊन परतायचं.

सामान दोन लाकडी घसरगाड्यांवर आहे आणि त्या तुम्हीच ओढता आहात. सोबत तीन घोडे आहेत, ते रिकामे. परत जाताना त्यांच्यावर मांस लादायचं. घोड्यांच्या पायांना नाल नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवा.

तुमच्या खांद्यावर ठासणीची बंदूक आहे. कोकणातल्या वाचकाला ती सांगायला नको. रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर घेतलेली अशी बंदूक तिथल्या घरांत अजून सापडते. तुमच्या हातातली चकमकीवर उडणारी आहे. याच आठवड्यांत तिकडे भरतपूरच्या तटाखाली इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या फौजा यशवंतराव होळकर आणि जाट राजा रणजितसिंह यांच्याशी झुंजत आहेत, आणि तिथं इंग्रजी फौजेच्या बंदुकांतही गारगोटीच ठिणगी पाडते आहे. फरक हवेचा. थंडीनं ही बंदूक वेगळंच जनावर होते.

पहिल्या दिवशी २२ मैल चाल झाली, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. शिकार काहीच नाही. खायलाही काही नाही. रात्री शेकोटीभोवती घोंगड्या पांघरून बसलात तेव्हा पोटात गरम पाण्यापलीकडे काही गेलेलं नव्हतं. बंदूक मात्र शेकोटीजवळ आणू नका. गारठलेलं लोखंड उबेत आलं की त्याला घाम फुटतो, नळीतली दारू ओलसर होते आणि सकाळी चाप ओढल्यावर नुसता खट्ट आवाज येतो. बंदूक थंडीतच राहू द्यायची, चापाच्या यंत्रावर चामड्याचा तुकडा बांधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आणखी बोचरा. पुढे चाललेला क्लार्क बर्फ फुटून पाण्यात गेला. पाय पोटऱ्यांपर्यंत भिजले. या हवेत ओले पाय म्हणजे गेलेले पाय. गेल्याच महिन्यात तेरा वर्षांचा एक मुलगा रात्रभर बर्फात उघड्यावर राहिला आणि नंतर किल्ल्यात त्याच्या पायांची बोटं कापावी लागली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. क्लार्क थांबला नाही. त्यानं चौघांना पुढच्या झाडीत पाठवलं: हरीण मारा, शिजवा, आम्ही तोवर येतो.

त्या चौघांत तुम्ही आहात असं समजा.

नदी वळते तिथे आतल्या बाजूला सखल झाडी असते, कॉटनवुडची उंच झाडं आणि खाली विलोची दाट झुडपं. उघड्या माळरानावरचा वारा टाळायला हरणं इथेच येऊन राहतात. बर्फ जवळजवळ गुडघाभर. पाऊल टाकलं की वरचा कडक पापुद्रा मोडतो आणि तो आवाज शांत झाडीत फार दूरवर जातो. म्हणून वारा तोंडावर घेऊन चालायचं, दोन पावलं टाकायची, थांबायचं, ऐकायचं.

हरीण दिसतं. साठ-सत्तर पावलांवर, विलोची साल कुरतडत उभं. नळीत गोळी सकाळीच ठासलेली आहे. आता चामडं सोडायचं आणि वाटीतली रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी बारीक दारू, बदलायची, कारण चालताना त्यात बर्फाचा कण गेला असेल तर सगळंच संपलं. बारीक दारूचं शिंग दातांनी उघडता. हातमोजा काढावाच लागतो. उघडी बोटं लोखंडाला टेकली की कातडी तिथेच चिकटते, म्हणून फक्त लाकडाला धरायचं. चिमूटभर रंजक वाटीत, झाकण खाली, घोडा मागे. घोडा मागे जाताना होणारी टकटक हरणाला ऐकू जाते. ते मान वर करतं.

चाप. गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी वाटीत पडते, वाटीतला भडका बारीक भोकातून आतल्या दारूला भेटतो आणि मग गोळी सुटते. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत जी किंचितशी फट असते तिच्यात हात हलू न देणं, हीच या बंदुकीची सगळी विद्या. आणि बोटं बधिर झालेली असताना हात हलू न देणं किती अवघड असतं, हे आता तुम्हाला कळतं आहे. पुढचे काही क्षण पांढऱ्या धुराशिवाय काहीही दिसत नाही. थंड हवेत तो जमिनीलगत रेंगाळतो.

धूर विरायच्या आत पुन्हा ठासायला लागायचं. ही सवय अंगात मुरलेली हवी. मापातून दारू नळीत, चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी तिच्यावर, मग गजानं तळापर्यंत दाबायची. चरबी गोठून मेणासारखी घट्ट झालेली असते. गोळी अर्ध्यात अडते. गजावर सगळा भार टाकता तेव्हा ती खाली सरकते. उबदार हवेत अर्ध्या मिनिटाचं काम. इथे मनात शंभर मोजून होतात.

दारू कोरडी आहे, याचं श्रेय लुईसचं. त्यानं प्रवासाला निघण्यापूर्वी ५२ शिशाचे डबे बनवून घेतले आणि त्यांत १७६ पौंड दारू बंद केली. डबा रिकामा झाला की तो वितळवून त्याच्या गोळ्या ओतायच्या. डब्याचं शिसं जेवढं, तेवढ्या गोळ्यांना आतली दारू पुरते. बुडालेल्या होडीतून काढलेला डबाही उघडला तर दारू कोरडीच निघावी, असं ते सीलबंद काम. या सगळ्या मोहिमेतली इतकी नेटकी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

हरीण पडलेलं आहे. जवळ जाऊन तुम्ही हात फिरवता आणि हाताला फासळ्या लागतात. हिवाळा संपत आला की हरणाच्या अंगावर चरबी उरत नाही. त्याच दिवशी चौघांनी बायसनचे दोन नरही मारले, पण ते इतके हडकलेले की खाण्याच्या लायकीचे नव्हते. हरीण मात्र तुम्ही खाता. क्लार्क आणि मागचे लोक येतात, सगळे मिळून खातात आणि कोणी काही बोलत नाही. निव्वळ तांबड्या मांसानं पोट भरतं, पण चरबीवाचून शरीर ऊब धरत नाही. तासाभरात पुन्हा भूक लागते.

बर्फ इतका ओबडधोबड आहे की क्लार्कच्या तळपायांना फोड आले आहेत. तरी तिसऱ्या दिवशी तो शिकाऱ्यांबरोबर जातो आणि दोन हरणं मारतो. चौथ्या दिवशी नशीब उघडतं. तळाजवळच्या दोन झाडींत मिळून ९ एल्क आणि १८ हरणं. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं, पण त्याहून थोराड जनावर.

आणि इथून खरं काम सुरू होतं.

मारलेलं जनावर तुमचं होतं ते फक्त तुम्ही त्याच्याजवळ उभे असेपर्यंत. पाठ वळली की लांडगे येतात, आणि डोमकावळे आणि मॅगपाय तर तुमची बंदूक ऐकूनच गोळा होतात. म्हणून कोणी शिकार करतो, कोणी मांस गोळा करतो, कोणी हाडं काढून टाकतो. हाडांचं ओझं ओढायला अंगात ताकद कुणाच्या आहे? जे लगेच नेता येत नाही ते ओंडक्यांचं बंदिस्त खोपट उभारून त्यात ठेवायचं.

डिसेंबरातली एक गोष्ट तुम्हाला इथे आठवेल. ७ डिसेंबरला मँडनांचा पुढारी शेहेके सांगत आला होता की बायसन आले आहेत. लुईस पंधरा जणांना घेऊन गेला. मँडन शिकारी घोड्यांवर, धनुष्यबाण घेऊन. तुम्ही पायी, बंदुका घेऊन. त्या दिवशी तुमच्या लोकांनी १४ बायसन मारले आणि किल्ल्यात पाचच पोचले. मँडनांचा रिवाज असा की पडलेल्या जनावरात बाण किंवा एखादी खूण नसेल तर ते ज्याला सापडलं त्याचं. बाण कुणाचा हे सगळ्यांना ओळखता येतं. गोळी आत शिरते आणि तिच्यावर कुणाचं नाव नसतं. मला हा रिवाज फार न्याय्य वाटतो. जनावर मारणं सोपं, त्याच्यापाशी थांबणं अवघड, आणि मांस थांबणाऱ्याचं.

पाचव्या दिवशी चांगलं मांस तीन घोड्यांवर लादून दुभाषी शारबोनो आणि आणखी काही जण निघाले. किल्ला ४४ मैलांवर. बिननालेचे पाय बर्फावर टिकेनात, म्हणून शारबोनो घोडे आणि दोन माणसं वाटेत सोडून १० तारखेला पुढे आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको साकाजावेया बाळंत झाली, मुलगा झाला. लुईसनं माणसं पाठवून ते मांस छोट्या घसरगाड्यांवर ओढून आणवलं. थकलेल्या घोड्यांना त्यानं ओला कोंडा घातला तर त्यांनी तोंड लावलं नाही. त्यांना कॉटनवुडची साल हवी होती. मँडनांचे घोडे सबंध हिवाळा तिच्यावरच काढतात.

१२ फेब्रुवारीला अंधार पडल्यावर तुम्ही परत पोचता. त्या एका दिवसात ३० मैल चालला आहात. एकूण हिशेब: ४० हरणं, तीन बायसन आणि बरेच एल्क. त्यातली कितीतरी खाण्यालायक नव्हती.

मागे ठेवलेलं मांस आणायला १४ तारखेला चौघे घोडे आणि घसरगाड्या घेऊन गेले. वाटेत सू जमातीच्या शंभरावर योद्ध्यांनी त्यांना गाठलं आणि दोन घोडे नेले. लुईस २४ जणांना घेऊन मागावर गेला तेव्हा मांसाचा एक साठा नष्ट झालेला होता. नदीच्या खालच्या अंगाचा दुसरा साठा वाचला होता. त्यानं आणखी ३६ हरणं आणि १४ एल्क मारले, आणि २१ तारखेला सुमारे ३,००० पौंड मांस घेऊन परतला. त्यातलं २,४०० पौंड एकाच घसरगाडीवर होतं, आणि ती सोळा माणसांनी ओढली. हजार किलोंहून अधिक वजन, गोठलेल्या नदीवरून, माणसांच्या छातीला बांधलेल्या दोरांनी.

एवढं करूनही त्या हिवाळ्यात तुकडीला तगवलं ते केवळ बंदुकीनं, असं म्हणता येणार नाही. किल्ल्यात लोहार रात्रंदिवस भट्टी फुंकत होते. मँडनांना हव्या तशा लढाऊ कुऱ्हाडी घडवून त्या बदल्यात मका घेत होते. लोखंडी पत्र्याच्या चार इंची चौकोनासाठी सात-आठ गॅलन मका मिळे. या लोहारांवाचून मका मिळवण्याचा दुसरा मार्ग सापडणं कठीण होतं, अशी लुईसची स्वतःची कबुली आहे. तो मका मँडन आणि हिदात्सा बायकांनी नदीकाठच्या वाफ्यांत पिकवून, वाळवून, जमिनीखालच्या पेवांत साठवलेला होता. सोळा जणांनी छातीनं ओढून आणलेलं मांस आणि या बायकांचं पेव, दोन्ही मिळून एप्रिल उजाडला.

शिकारीच्या गोष्टींत बंदूक उडते तिथे गोष्ट संपते. ही जिथून सुरू होते तिथून वाचायची असेल तर क्लार्कच्या रोजनिशीतली १३ फेब्रुवारी १८०५ ची नोंद वाचा. नेब्रास्का विद्यापीठानं ही सगळी रोजनिशी इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. नोंद जेमतेम पानभराची आहे, स्पेलिंग मनाला येईल तसं आहे, आणि पायांना फोड आलेल्या माणसानं लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे.