कारव्हिल: कुंपणाआड वसलेले गाव

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, कारव्हिल येथे कुष्ठरुग्णांचे रुग्णालय शंभर वर्षांहून अधिक काळ होते. १८९४ च्या नोव्हेंबरअखेर न्यू ऑर्लिन्सहून सात रुग्णांना रात्रीच्या वेळी कोळशाच्या पडावातून येथील एका ओसाड मळ्यावर आणण्यात आले. १८९६ साली संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या चार धर्मभगिनी त्यांच्या सेवेसाठी तेथे दाखल झाल्या. १९२१ साली रुग्णालय अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे गेले, तरी भगिनींची सेवा अखंड चालू राहिली.

येथील जीवन बंदिवासाचेच होते. भोवती काटेरी तारेचे कुंपण होते. कुटुंबाची बदनामी टळावी म्हणून अनेक रुग्ण प्रवेश घेतानाच नवे नाव धारण करीत. त्यांची पत्रे निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जात नसत. विवाहास मनाई होती, मतदानाचा हक्क १९४६ पर्यंत नव्हता आणि तेथे जन्मलेले मूल मातेपासून दूर नेले जाई.

तरीही कुंपणाआड एक गाव आकारास आले. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरे उभी राहिली. रुग्ण स्वतःचे उपाहारगृह चालवीत, बेसबॉल खेळत आणि उपवासकाळापूर्वी कार्निव्हलची मिरवणूक काढीत. १९३१ साली स्टॅन्ली स्टाइन या रुग्णाने वृत्तपत्र सुरू केले. १९४१ पासून ते ‘द स्टार’ या नावाने निघू लागले. दृष्टी गेल्यावरही स्टाइन यांनी लेखणी खाली ठेवली नाही. रुग्णांना हिणवणाऱ्या शब्दांविरुद्ध आणि त्यांच्या नागरी हक्कांसाठी हे पत्र झगडले.

१९४१ सालीच डॉ. गाय फॅजेट यांनी येथे ‘प्रोमिन’ या औषधाचा उपचार सुरू केला. सिस्टर हिलरी रॉस यांनी प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळली. रुग्ण सुधारू लागले, आणि घरी परतण्याची वाट हळूहळू मोकळी झाली.

१९९९ साली कारव्हिलचे रुग्णालय बंद झाले. आज तेथे संग्रहालय आहे. जवळच्या दफनभूमीत काही थडग्यांवर घेतलेले नाव आहे, तर काहींवर केवळ रुग्णक्रमांक.

कुष्ठरोग आज बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. भारतातील सरकारी आरोग्य केंद्रांत हा उपचार विनामूल्य मिळतो. परंतु औषध केवळ रोग घालवते. बऱ्या झालेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून आपल्या शेजारी बसविणे, हे मात्र समाजाचेच कर्तव्य आहे.