परदेशातील वसतिगृह आणि घरचा दरवाजा



बल्लारपूरच्या माणसाला घर सोडून दूर जाणे नवे नाही. आपल्या बल्लारशाह स्थानकावरून एक वाट नागपूरकडे जाते, दुसरी काझीपेठ-हैदराबादकडे. या वाटांनी आपली मुले शिकायला जातच आली आहेत. परंतु मुलगा किंवा मुलगी परदेशी निघणार म्हटले, की घरातील बोलण्याचा सूरच बदलतो. “तिथे खाणार काय? राहणार कुठे? आजारी पडलास तर जवळ कोण?” घरोघरी अम्मी हेच विचारते. तरुणांना हे प्रश्न जुनाट वाटतात. पण ते तसे नाहीत. आपल्या महाराष्ट्रातून पूर्वी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची चरित्रे पाहा. त्यांचे यशापयश पुष्कळ अंशी याच प्रश्नांवर ठरले, असे दिसून येईल.

प्रथम बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबईच्या तय्यबअली भाईमियां या व्यापाऱ्याने १८६० साली आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला इंग्लंडला शिकायला पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन आधीच तिकडे जाऊन सॉलिसिटर झाले होते, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नव्हती. तरीही १८६४ साली डोळ्यांच्या विकारामुळे बद्रुद्दीन यांना अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. घरच्यांनी “झाले तेवढे पुरे” म्हटले असते, तर प्रकरण तेथेच संपले असते. तसे झाले नाही. १८६५ मध्ये ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४ साली ज्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था उभी केली, त्यांत ते प्रमुख होते. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही तेच होते.

दुसरे उदाहरण मन हेलावून टाकणारे आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीमधील कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या लेकीसारखे वागविले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले. आनंदीबाईंनी आपला आहार व पोशाख सोडला नाही. पण तेथील कडक थंडी आणि अपुरे अन्न यांनी प्रकृती खचत गेली. मार्च १८८६ मध्ये त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने घेरलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पदवी हाती आली, पण देह उरला नाही. विद्यार्थ्याचे ताट आणि अंथरूण हीदेखील शिक्षणाचीच बाब आहे, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगणार?

तिसऱ्या अतिया फैजी. तय्यबजी कुळाशी नाते असलेल्या या मुलीची बहीण नाझली ही कोकणातील जंजिरा संस्थानची बेगम. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर अतिया लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनशास्त्र शिकण्यास गेल्या. तेथील दिनक्रम, वर्ग, भेटीगाठी यांविषयी त्या घरी लिहीत. बहीण जोहरा यांनी हा मजकूर लाहोरच्या ‘तहजीबुन्निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रात छापविला. १९२१ मध्ये त्याचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. प्रकृतीच्या कारणाने अतिया १९०७ साली अभ्यासक्रम पुरा न करताच परतल्या. पण ते वर्ष वाया गेले काय? मुळीच नाही. घरी पाठविलेल्या त्या मजकुरामुळे, घराबाहेर न पडलेल्या कितीतरी वाचक भगिनींना परदेशातील विद्यार्थिनीचे जीवन प्रथमच कळले.

आता ज्यांचे नाव चंद्रपूर जिल्ह्यात घरोघरी आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वळू. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षेचा सोहळा केला, हे आपण जाणतोच. पण वसतिगृहातील विद्यार्थी आंबेडकर आपल्याला फारसे ठाऊक नसतात. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे हिंदी विद्यार्थी होते. अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका खोलीत राहिले. जागा दोनदा बदलली, पण अभ्यास सोडला नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. तेवढ्यात निर्वाह आणि पुस्तकांची खरेदी. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

पुढे लंडनमध्ये शिकत असताना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांनाही अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी यावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा पदरची शिल्लक होती, शाहू महाराजांचे साहाय्य होते, आणि आणखी एक कर्ज होते. हे कर्ज देणारा कोण? न्यूयॉर्कच्या खोलीतला तोच सोबती, नवल भथेना. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. पदवी दिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील तरुण आणि पारशी तरुण हे परक्या मुलखात एका छपराखाली राहिले आणि जन्माचे मित्र झाले. पुस्तकांतून न मिळणारे हे शिक्षण वसतिगृहात मिळाले.

वाचकहो, चौघांपैकी तिघे एकदा तरी शिक्षण अपुरे ठेवून परतले होते, याकडे लक्ष द्या. आपल्याकडे मूल असे परत आले, की नातेवाईक कुजबुजतात आणि मूल मान खाली घालते. या भीतीपोटी कित्येक मुले तिकडे आजारी, उपाशी, एकाकी राहतात. पण पत्रात “खैरियत आहे” एवढेच लिहितात.

म्हणून विद्यार्थ्यांनो, परदेशी जाल तेव्हा पहिल्या आठवड्यातच जेवणाची सोय नीट पाहा. एक जागा मानवली नाही तर दुसरी शोधा, त्यात कमीपणा नाही. आपल्याच गावच्या मंडळींत कोंडून घेऊ नका, खोलीतल्या सोबत्याशी मैत्री करा. प्रकृतीची हकीकत घरी लपवू नका.

आणि पालकांनो, निरोप देताना मुलाला एवढे अवश्य सांगा की, “बेटा, जमले नाही तर परत ये, दम घेऊन पुन्हा जा.” बद्रुद्दीन यांना दुसरी संधी मिळाली नसती, तर अंजुमनला असा नेता लाभला असता काय? घरचा दरवाजा उघडा आहे ही खात्री असलेले मूलच दूरच्या देशी निर्धास्तपणे पाय रोवून उभे राहू शकते.