रिंगेटची काठी

रिंगेट या बर्फावरच्या सांघिक खेळातले मुख्य साधन. ही काठी सरळ असते. आइस हॉकीच्या स्टिकला असते तसे वळलेले पाते तिला नसते. तिच्या खालच्या टोकाला प्लास्टिकची किंवा धातूची शेंबी बसवलेली असते. खेळाडूंच्या बोलीत ती ‘टिप’. ही टिप रबरी रिंगच्या पोकळीत घालून खेळाडू रिंग बर्फावरून नेते, सोबतिणीकडे सरकवते आणि गोलवर मारते. काठी नियमात बसते की नाही, हे बहुतेक वेळा या शेवटच्या काही सेंटिमीटरांवर ठरते. दुकानात गिऱ्हाइकाचे लक्ष मात्र आधी दांड्याच्या रंगाकडे आणि वजनाकडे जाते. निवडीचा क्रम उलटा हवा: आधी टिप, मग दांडा, शेवटी लांबी.

खेळाचे स्वरूप माहीत असेल तर काठीच्या नियमांचा अर्थ लवकर उमगतो. रिंगेट आइस हॉकीच्याच मैदानावर खेळतात. एका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. मुद्दाम अंगावर जाऊन धडक देण्यास मनाई आहे. मैदानावरच्या दोन निळ्या रेषांपैकी कोणतीही रेषा रिंग घेऊन एकटीने ओलांडता येत नाही. रेषेपलीकडे रिंग सोबतिणीकडेच द्यावी लागते. वरच्या गटांत रिंग ताब्यात आल्यापासून 30 सेकंदांत गोलवर फटका मारावा लागतो. साहजिकच खेळभर पास द्यायचे आणि घ्यायचे असतात. वेगाने घसरत येणाऱ्या रिंगच्या पोकळीत टिप अचूक खुपसणे हे या खेळातले पहिले कौशल्य आहे. प्रतिस्पर्धिणीकडून रिंग काढून घेताना तिच्या काठीखाली आपली काठी घालून ती वर उचलतात. म्हणजे काठीवर काठी सतत आदळत असते. धडकेला बंदी असलेल्या खेळात इजेचा मोठा धोका काठीचाच उरतो. म्हणून नियम तिच्या टोकाकडे इतके बारकाईने पाहतात.

या काठीचा जन्म कॅनडातला. ऑन्टॅरिओ प्रांतातील नॉर्थ बे या शहराच्या करमणूक विभागाचे संचालक सॅम जॅक्स यांनी 1963 मध्ये मुलींसाठी बर्फावरचा नवा खेळ म्हणून रिंगेटची कल्पना मांडली. त्याच प्रांतातील एस्पानोला येथील रेड मॅकार्थी यांनी खेळाचे पहिले नियम तयार केले आणि तेथील शाळकरी मुलींना मैदानात उतरवले. सरळ काठी आणि मध्ये भोक असलेली चकती ही जोडी जॅक्स यांना नवीन नव्हती. त्यापूर्वी 1930 च्या दशकात टोरांटोच्या वायएमसीएमध्ये काम करताना त्यांनी फ्लोअर हॉकीला रूप दिले होते, आणि तो खेळही बिनपात्याच्या काठीनेच खेळला जाई. रिंगेटच्या सुरुवातीच्या काळात डेक टेनिसची रबरी रिंग बर्फावर आली. महाराष्ट्रातल्या शाळांतून टेनिकॉइट ज्या प्रकारच्या रिंगने खेळतात, त्याच कुळातली ही रिंग. काठ्यांसाठी हॉकीच्या मोडक्या स्टिकची पाती कापून दांडे वापरले जात. पुढे रंगीत लाकडी काठ्या आल्या आणि काही काळ काठीच्या रंगावरून खेळाडूची मैदानावरची जागा ओळखली जाई. आजची रिंग निळ्या रबराची, हवेने भरलेली आणि साधारण 16.5 सेंटिमीटर व्यासाची असते. काठी मात्र पार बदलली आहे. घरी करवतीने कापलेल्या दांड्याच्या जागी कारखान्यात मोजून घडवलेली, चाचणी घेतलेली वस्तू आली, आणि मोजमापांचे नियम त्याबरोबरच आले.

टिप म्हणजे या काठीचे काम करणारे अंग. दांडा खाली निमुळता होत जातो आणि त्याच्या अखेरीस टिप घट्ट बसवलेली असते. तिच्या अंगावर खाचा किंवा कंगोरे असतात. मनगटाच्या झटक्याने फटका मारताना रिंगची आतली कड या खाचांत अडकते, त्यामुळे रिंग बर्फावरून वर उचलली जाते आणि तिला वेग मिळतो. खाच खोल असेल तर रिंग अधिक उचलता येते. पण अशी टिप रिंग सहजी सोडत नाही, आणि झटपट पास देणाऱ्या खेळाडूला ते खटकते. कमी खाचांची, गुळगुळीत टिप नवशिक्या हातांना सोपी जाते. ही निवड आवडीची आहे. टिपेचा आकार आणि मापे यांत मात्र आवडीला जागा नाही, ती नियमपुस्तकाने बांधून दिलेली असतात. टिप फार बारीक असेल तर ती भाल्यासारखी टोचेल. तिची कड धारदार असेल तर हात कापेल, रिंगही फाटेल. प्रमाणाबाहेर रुंद टिप रिंगमध्ये अडकून बसेल आणि प्रतिस्पर्धिणीला ती काढून घेण्याची संधीच मिळणार नाही. सुरक्षितता आणि न्याय्य खेळ ही दोन्ही कारणे या मापांमागे आहेत.

प्लास्टिकची टिप हलकी आणि स्वस्त असते, पण ती लवकर झिजते. धातूची टिप जास्त टिकते आणि पासाला करकरीत धार देते. तिला मात्र वापराने पापुद्रे निघतात, कडेला बारीक कूस येते. ही कूस बोटाला लागते तेव्हाच ती काठी मैदानात न्यायच्या लायकीची उरलेली नसते. बारीक कानशीने कूस घासून काढता येते. परंतु घासता घासता टिपेचा आकार बदलू नये याची काळजी घ्यावी लागते. खाच आणखी खोल करणे, टोक अणकुचीदार करणे, टिपेत वजन भरणे हे सरळसरळ नियमबाह्य आहे. असले ‘सुधारणा’ करणारे प्रयोग मुलांच्या काठ्यांवर पालकांनीही करू नयेत.

टिपेच्या मापांचा संबंध थेट चेहऱ्याच्या जाळीशी आहे. आइस हॉकीच्या शिरस्त्राणाची तारांची जाळी चकती आणि रुंद पाते अडवण्यासाठी बनवलेली असते; तिच्या चौकोनी भोकांतून रिंगेटची निमुळती टिप आत शिरू शकते. म्हणून रिंगेटसाठी वेगळी, दाट तारांची, बहुधा त्रिकोणी घरांची जाळी लागते. काठी नियमात बसते पण जाळी हॉकीची, असे घरात घडताना दिसते, विशेषतः मोठ्या भावाचे शिरस्त्राण धाकट्या बहिणीच्या वाट्याला येते तेव्हा. अशा वेळी काठीचा नियम पाळूनही डोळा सुरक्षित राहत नाही. काठी आणि जाळी यांची खरेदी एकत्रच करावी.

दांडा लाकडाचा किंवा कॉम्पोझिटचा असतो. लाकडी काठी जड असते, स्वस्त असते आणि मोडण्याआधी बहुधा सूचना देते: चीर दिसते, रेषा उकलतात, आवाज बदलतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूसाठी ती उत्तम. कॉम्पोझिट काठी कार्बनचे किंवा काचेचे तंतू राळेत बसवून केलेली असते. ती हलकी असते, तिची लवचीकता काठीगणिक फारशी बदलत नाही आणि पाण्याने ती फुगत नाही. मात्र तिच्या आत पडलेली चीर बाहेरून दिसत नाही आणि ती अचानक तुटते. रिंग नेताना खेळाडू काठीवर आपला भार टाकते. त्यात प्रतिस्पर्धिणीची काठी खालून आदळते. हा सगळा ताण टिपेच्या लगेच वरच्या भागावर येतो, म्हणून काठी बहुधा तिथेच मोडते. खरेदीच्या वेळी हा भाग उजेडात धरून, बोट फिरवून पाहावा. जुनी काठी घेताना तर टिपेबरोबर हा भाग हमखास पाहावा.

लवचीकता हा मोठ्यांच्या खरेदीतला आवडता विषय आहे आणि मुलांच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त चुकतो. प्रौढांसाठी बनवलेला ताठ दांडा दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात वाकतच नाही. फटक्याचा जोर दांड्यात साठण्याऐवजी तिच्या मनगटांवर येतो. असा दांडा कापून आखूड केला तर तो आणखी ताठ होतो. ‘मोठी होईल तेव्हाही चालेल’ या हिशेबाने घेतलेली लांब, ताठ, महागडी काठी आज तिचा खेळ बिघडवते. मुलांना त्यांच्याच मापाचा हलका, सहज वाकणारा दांडा द्यावा, मग तो लाकडी असला तरी हरकत नाही.

लांबीबाबत नियम बरेच मोकळे आहेत आणि निवड अंगलटीवर व खेळण्याच्या पद्धतीवर सोडलेली असते. प्रशिक्षकांचा प्रचलित ठोकताळा असा: स्केट घालून सरळ उभे राहिल्यावर टिप जमिनीला टेकवलेली काठी काखेच्या किंवा छातीच्या उंचीपर्यंत यावी. स्केट न घालता मोजले तर काठी आखूड निघते, ही चूक दुकानात वारंवार होते. बचावफळीतल्या खेळाडूला लांब काठीचा पल्ला उपयोगी पडतो; अरुंद जागेत वळणारी आघाडीची खेळाडू आखूड काठी पसंत करते. पाते नसल्यामुळे डावखुऱ्या आणि उजव्या हाताच्या खेळाडूंसाठी वेगळ्या काठ्या लागत नाहीत. हॉकीच्या तुलनेत ही मोठी सोय आहे. एकच काठी बहिणी-बहिणींना वापरता येते.

काठी आखूड करायची तर ती मुठीच्या बाजूने कापावी. टिपेच्या बाजूला करवत लावली की निमुळतेपणा, टिपेची बैठक आणि मापे सगळेच बिघडते. पोकळ दांडा कापल्यावर वरचे उघडे टोक बुचाने बंद करून त्यावर पट्टी गुंडाळावी, कारण पडताना ते टोक पोटात किंवा चेहऱ्यावर लागू शकते. मुठीवरची कापडी पट्टी पकडीसाठी असते आणि तिला हरकत नसते. फक्त ती सुटून लोंबत नाही ना, हे पाहावे.

विकत घेतली त्या दिवशी नियमात बसणारी काठी हंगाम संपेपर्यंत तशीच राहते असे नाही. बर्फावर घासून टिपेचा तळ झिजतो. कपडे बदलण्याच्या खोलीतून मैदानाकडे जाताना काठी काँक्रीटवर टेकवत चालण्याची सवय ही झीज कितीतरी वाढवते. तळ झिजून दांड्याचे लाकूड किंवा तंतू उघडे पडले, टिप सैल होऊन हलू लागली, तिच्यात चीर गेली, की काठी बाद समजावी. काही काठ्यांची टिप बदलता येते. अशा वेळी त्याच बनावटीची टिप बसवावी. सामन्यात काठी मोडली तर खेळाडूने ती लगेच टाकून द्यायची असते. मोडक्या काठीने खेळत राहणे हा दंडनीय अपराध आहे, आणि नियमबाह्य काठी आढळली तरी दंड होतो. खांद्याच्या वर काठी नेऊन रिंग खेळणे, काठीने झोडपणे, पायात काठी घालून पाडणे यांनाही दंड आहे. मात्र तो वापराचा दोष झाला, काठीचा नव्हे.

गोलरक्षकाचे नियम वेगळे आहेत. ती आइस हॉकीच्या गोलरक्षकाची रुंद पात्याची स्टिक वापरते, कारण तिचे काम रिंग अडवण्याचे आहे. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर खेळल्या जाणाऱ्या जिम रिंगेटची साधनेही निराळी असतात. ती बर्फावर आणू नयेत आणि बर्फावरची काठी जमिनीवर नेऊ नये.

रिंगेटचे नियमपुस्तक सर्व देशांत एकच नाही. कॅनडात 1974 मध्ये स्थापन झालेली रिंगेट कॅनडा ही संस्था नियम ठरवते. फिनलंडमध्ये हा खेळ 1979 मध्ये युहानी वाल्स्टेन यांनी नेला आणि तेथे स्वतंत्र संघटना वाढली. 1986 पासून आंतरराष्ट्रीय संघटना आहे. पहिली जागतिक स्पर्धा 1990 मध्ये ऑन्टॅरिओतील ग्लॉस्टर येथे झाली. स्वीडन, अमेरिका, चेकिया आणि स्लोव्हाकिया येथेही रिंगेट खेळतात. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, त्यामुळे चार हंगामांपूर्वीच्या पुस्तकातले माप आज लागू असेलच असे नाही. काठीवर छापलेले नाव किंवा विक्रेत्याचे आश्वासन हा पुरावा धरू नये. आपण ज्या संघटनेच्या स्पर्धेत खेळणार, तिच्या चालू नियमपुस्तकातले काठीचे कलम वाचावे आणि मान्य काठ्यांची यादी असल्यास तीत आपली काठी शोधावी.

भारतात हा खेळ रुजलेला नाही. तरीही टोरांटो, ओटावा, कॅल्गरी अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलींपुढे हिवाळ्यात हॉकीबरोबर रिंगेटचाही पर्याय असतो, आणि त्यांच्या पालकांनी ही काठी लहानपणी कधी हातात घेतलेली नसते. त्यांनी पहिल्या हंगामासाठी क्लबच्या प्रशिक्षकाला विचारून साधी लाकडी काठी घ्यावी, सोबत रिंगेटचीच जाळी घ्यावी आणि दर सामन्याच्या आधी टिपेवरून बोट फिरवून पाहावे. काठीबद्दल शंका असेल तर खेळ सुरू होण्यापूर्वी ती पंचांना दाखवावी; मैदानावर त्यांचाच निर्णय अखेरचा असतो.