पाण्याआधी गेलेली पोरं

खानापूर-आटपाडीच्या माणसाला देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यावर नेऊन उभं करा, थोड्याच वेळात त्याला आपल्याकडचं माणूस भेटेल. एखाद्या अरुंद बोळात, जिन्याखाली, भट्टीपुढं बसलेला, आणि बोलायला लागला की थेट विट्याच्या बाजारातली मराठी. हे गलाईवाले. जुनं सोनं गाळून शुद्ध करून देणारे. सांगलीचा हा पूर्वभाग आणि त्याला लागून असलेला साताऱ्याचा माण-खटाव, दोन्ही पर्जन्यछायेत. पाऊस सह्याद्रीवरच सांडून जातो आणि इकडं नुसते ढग येतात. त्यामुळं पोरगं हाताशी आलं की त्याला कुणातरी पाहुण्याच्या दुकानावर धाडायचं, ही इथल्या बापांची रीतच पडली.

आमच्या घरातून पहिले गेले ते माझे वडील, आबा. साल 1958, वय तेरा. मिरजेहून मीटरगेजची गाडी, मग बंगळूर, पुढं कोइमतूर. माझे आजोबा, म्हणजे तात्या, त्यांना विट्याच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले. पाहुण्याच्या हाती पोराची पिशवी दिली आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून चालू लागले. आबांनी ते खिडकीतून पाहिलं, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या मनात बापाविषयी अढी राहिली.

उरलेली गोष्ट मला आजीनं सांगितली. गाडीभाडं आणि पोराच्या अंगावरचे दोन जोड यांसाठी तात्यांनी बैल विकला होता. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून भावकीतल्या एकाशी वारंगुळा केला. त्याचा एक, आमचा एक, आणि आधी त्याचं रान, मग आमचं. स्टँडवरून तात्या घरी आलेच नाहीत. परभारे रानात गेले आणि दिवेलागणीपर्यंत कोरड्या मातीत कुळव धरून राहिले. ‘‘पाळी आपली नव्हती रं,’’ आजी सांगायची, ‘‘दुसऱ्याच्या रानात वढत हुता. घरात येऊन पोराचं आथरूण बघायचं न्हवतं त्येला.’’

आजी हे सांगायची तेव्हा आबा ओसरीवर असले तर उठून बाहेर जायचे.

कोइमतूरला आबा काय शिकले ते त्यांनी मला एका दिवाळीत भट्टीपुढं बसवून दाखवलं. सोन्यात अडीच-तीन पट चांदी घालून मुशीत वितळवायची, तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे, आणि ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. तांबूस-पिवळा धूर उठतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी राहते. बघणाऱ्याला वाटावं, माती उरली. ती धुऊन, वाळवून, टाकणखार घालून पुन्हा मुशीत धरली की पिवळा रस लखलखतो. तो धूर आबांच्या छातीत गेला तो गेलाच. दुकानावर असेपर्यंत बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग कायम असत. यात्रेला गावी आले की दोन-तीन आठवड्यांत कातडी निघून डाग फिके पडत. आजी त्यांच्या बोटांकडं बघून ओळखायची, आता ह्यो निघणार.

मनीऑर्डर मात्र चुकली नाही. 1949 साली सातारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा आमच्या वाट्याला दक्षिण सातारा आला होता. 1960 साली त्याचं नाव सांगली झालं, तरी आबा बरेच दिवस फॉर्मवर दक्षिण साताराच लिहीत. पैसे पोचायचे.

1972 च्या दुष्काळात तात्या-आजी रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. आबांनी पत्र धाडलं, दोघं इकडं या. तात्यांनी मास्तरांकडून उलट पत्र लिहवून घेतलं. ते अजून आमच्या ट्रंकेत आहे. तुझी पोरं सांभाळ, आमचं आम्ही बघतो, एवढाच त्यातला ऐवज. लहानपणी ते मला तुसडं वाटायचं. आता मला त्यात दुसरंच दिसतं. तेराव्या वर्षी मोकळा केलेला पोरगा पुन्हा आपल्या ओझ्याखाली येऊ नये, एवढी काळजी त्या माणसानं घेतली होती.

1993 साली नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली. प्रतिसरकारच्या लढ्यात बंदूक धरलेला हा वाळव्याचा माणूस उतारवयात दुष्काळी तेरा तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागत होता. पंचाहत्तरीचे तात्या ट्रॉलीत बसून गेले. आल्यावर म्हणाले, ‘‘पानी आलं आस्तं तर बैल इकावा लागला नसता.’’ बैल म्हणाले. पोराचं नाव घेतलं नाही. पाणी बघायला ते राहिले नाहीत.

पाणी आलं ते टेंभूचं. कऱ्हाडजवळच्या बंधाऱ्यातून कृष्णा टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलत पूर्वेकडं आणली. या योजनेचं काम नव्वदीच्या दशकात सुरू झालं आणि आमच्या रानात पाणी यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर आबांनी दुकान माझ्या थोरल्या भावाच्या हाती दिलं होतं. ते परत आले, तात्यांच्या त्याच रानात डाळिंब लावलं. गावात आज बंगले आहेत, त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांत दोन म्हातारी माणसं आणि एक कुलूप लावलेला वरचा मजला. ज्यांच्यासाठी पाणी मागितलं ती पोरं आता पाण्याच्या पलीकडं गेलेली. याचं मला वाईट वाटतं, आणि मीही पुण्यात राहतो.

गेल्या साली आबा रात्रीची पाळी धरायला गेले आणि चारीत पडले. मनगट मोडलं. आम्ही दोघं भाऊ धावलो. भाऊ म्हणाला कोइमतूरला चला, मी म्हणालो पुण्याला. आबांनी प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून ऐकून घेतलं.

‘‘तात्यांनी मला सोडला, तवा मला मूस धरायचं बी ठावं न्हवतं,’’ ते म्हणाले. ‘‘त्येंनी भ्या धरलं न्हाई का? धरलंच आसंल. पर मला दावलं न्हाई. तुमी दोघं मला नुसतं भ्याच दावताय.’’

माझी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला आहे. ती घरी पोचली का, हे मी रोज रात्री मोबाईलच्या नकाशावर बघतो. तात्यांना पोरगा पोचल्याचं कार्ड कधी मिळालं असेल, हा विचार त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला आणि मला पुढं काही बोलता येईना.

शेवटी ठरलं ते असं. रात्रीच्या पाण्याला गडी लावायचा, चारीकडंच्या बांधावर दिवा बसवायचा, आणि आबांनी गावीच राहायचं. भावाला ते अजून पटलेलं नाही. दर रविवारी फोनवर तो तोच विषय काढतो. मी काढायचं सोडलंय. पुढचं आवर्तन सुटलं की रजा टाकून जाणार आहे. आबांना आणायला नाही, डाळिंबाला पाणी द्यायला.