लाखाच्या आत जुनी गाडी : महाड-पोलादपूरमध्ये घेण्याआधी काय तपासायचं?

मारुती ८००, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका किंवा ओम्नी. लाखभर रुपयांच्या आसपास चारचाकी शोधणाऱ्याला हीच नावं वारंवार दिसतात. महाड-पोलादपूर भागात अशा गाडीची गरजही खरी असते. वाडी मुख्य रस्त्यापासून आत असते, एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि रात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यायचं तर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागते.

पण या भागात गाडी घेताना 'किती किलोमीटर चालली?' हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. ही गाडी कधी पुरात बुडाली होती का, ती घाट झेपवेल का आणि तिचे कागद तुमच्या नावावर होतील का, हे तीन प्रश्न त्याआधी येतात. यातल्या एकाचंही उत्तर चुकलं, तर स्वस्त गाडी सगळ्यात महाग पडू शकते.

पुरात बुडालेल्या गाड्या जातात कुठे?

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचं पाणी शिरलं. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या या शहरात बाजारपेठेतली दुकानं, तळमजल्यावरची घरं आणि त्यांच्यासमोर लावलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याच दिवशी चिपळूणही बुडालं.

अशा गाडीचं पुढे काय होतं, ते तिच्या विम्यावर ठरतं. गाडीचा सर्वसमावेशक विमा, म्हणजे बोलीभाषेतला 'फर्स्ट पार्टी', असेल तर कंपनीचा सर्व्हेअर येतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि उरलेली गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. विकत घेणारा ती धुतो, सीटची कव्हरं बदलतो, इंजिन चालू करतो आणि काही महिन्यांनी ती पुन्हा बाजारात येऊ शकते.

जुन्या गाड्यांचा मात्र अनेकदा फक्त 'थर्ड पार्टी' विमा असतो. त्यात पुराच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. मग मालक जमेल तेवढी दुरुस्ती करतो आणि मिळेल त्या किमतीला गाडी काढून टाकतो.

बुडालेली गाडी दुरुस्त करून विकणं हा गुन्हा नाही. ते घेणाऱ्याला न सांगणं, ही खरी अडचण. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत टोटल लॉस ठरलेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तशी नोंद होते. आपल्याकडच्या आरसी बुकात असा रकानाच नाही. त्यामुळे आरसी स्वच्छ दिसतं, पण गाडीच्या वायरिंगमध्ये चिखल असू शकतो.

महाडची बुडालेली गाडी महाडातच विकली जाईल असंही नाही. ती पुण्या-मुंबईत जाते, आणि महाडमधला माणूस पुण्यातून 'चांगली' म्हणून आणतो ती गाडी सांगलीची असू शकते. म्हणून गाडी कोणत्या वर्षी कुठे होती ते विचारा. जुलै २०२१ महाड आणि चिपळूण, ऑगस्ट २०१९ सांगली आणि कोल्हापूर, डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ चेन्नई, हे महिने लक्षात ठेवा. सर्व्हिसची जुनी बिलं असतील, तर नेमक्या त्या काळात मोठी दुरुस्ती झाली आहे का, ते बघा.

पाण्यात बसलेली गाडी ओळखायची कशी?

गाडी धुऊन चकाचक करता येते, पण काही जागा धुतल्या जात नाहीत.

• पुढचे दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ किंवा मातीचा डाग दिसतो का, ते बघा.
• सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेत का? वरचा पत्रा नीट आणि आतले बोल्ट गंजलेले असतील, तर संशय घ्या.
• डिकीतली स्टेपनी काढा. तिच्या खोलगट जागेत गाळ साचून राहतो.
• फ्यूज बॉक्स उघडा. तारांच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर असेल तर ओलावा आत गेलेला आहे.
• काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग दार उघडा. कुबट वास आला तर कारण विचारा. उग्र सुगंधाची बाटली मुद्दाम लावलेली असेल तरीही विचारा.
• बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत कार्पेट मात्र कोरं करकरीत का, हाही प्रश्न विचारा.

विम्याचा कागदही बोलतो. गाडीचा फर्स्ट पार्टी विमा सुरू असेल तर मागच्या काही वर्षांच्या पॉलिसी मागा आणि त्यावरचा 'नो क्लेम बोनस' बघा. भरपाई न घेतलेल्या वर्षांनुसार ही सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. ती अचानक शून्यावर आली असेल, तर बहुतेक वेळा त्याआधीच्या वर्षी दावा केलेला असतो. दावा कशासाठी केला होता, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

गाडी घाट झेपवेल का?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागतं, म्हणजे १,३०० मीटरहून जास्त उंची. खेडच्या दिशेला कशेडी आहे. तिथे आता बोगदे झालेत, पण आजूबाजूच्या गावांना जुना घाटरस्ता सुटत नाही. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट वेगळाच. शहरातल्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं फिरवलेली गाडी इथे कशी वागेल, हे सांगता येत नाही.

म्हणून चाचणी चढावरच घ्या. किमान वीस-पंचवीस मिनिटं चढ चढल्यावर तापमानाचा काटा वर सरकत असेल, तर रेडिएटर, पंखा किंवा हेड गॅस्केटचं काम निघू शकतं. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट संपत आली आहे. थांबून हँडब्रेक लावा. गाडी मागे सरकली तर तिथेच नोंद करा.

उतरताना जास्त लक्ष द्या. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ब्रेक वाचवतो. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि असं ऑइल तापल्यावर पेडल मऊ पडतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेव्हा गाडी घेतल्यावर पहिल्यांदा ब्रेक ऑइल बदलून घ्या.

टायर नुसते काळे दिसून चालत नाहीत. कायद्याने त्यांची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या कडेला चार आकडी संख्या असते. '३२१८' म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी रबर जुनं झालेला टायर ओल्या घाटात घसरतो.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. सीएनजीवर चढावर ओढही थोडी कमी मिळते.

कागद नावावर झाले नाहीत तर काय होतं?

'फॉर्मवर सही करून देतो, नंतर बघू' हे वाक्य जुन्या गाड्यांच्या व्यवहारात नेहमीचं आहे. त्यात विकणारा आणि घेणारा, दोघंही अडकतात.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकदा विकली गेली होती, पण नाव पहिल्याचंच राहिलं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता करही भरावा लागतो. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दिसली, की हा खर्च किमतीत मिळवून बघा.

पैसे देण्याआधी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. थकलेली ई-चलनंही ऑनलाइन तपासता येतात. मग बोनेट उघडून चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. १ एप्रिल २०१९ आधी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. महाराष्ट्रात खासगी गाडी फक्त वय झालं म्हणून भंगारात काढावी लागत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते. गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून, ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. यालाच लोक 'रिपासिंग' म्हणतात.

एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या रिपासिंगचं शुल्क ५,००० रुपये झालं. आधी ते ६०० रुपये होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आलं. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. शेवटची मारुती ८०० कारखान्यातून जानेवारी २०१४ मध्ये बाहेर पडली. म्हणजे बाजारातली कोणतीही ८०० घ्या, तिचं रिपासिंग झालेलं तरी असेल किंवा जवळ आलेलं असेल. चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, त्याचं हेही एक कारण असतं.

विमा आणि चालवण्याचा खर्च

गाडी नावावर झाली म्हणजे विमाही पूर्ण आपला झाला, असं नसतं. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो.

जून २०२२ पासूनच्या दरांनुसार थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे. कर वेगळा. पीयूसी बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीला वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांनी लागते. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन प्रवासी नेत असाल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

पेट्रोलचा हिशेबही करा. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरमागे १८ ऐवजी १२ किलोमीटर देत असेल, तर सुमारे १७ लिटर जादा जातात. लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाला वीस हजार. काही गाड्या याहून वेगळ्या कारणाने स्वस्त असतात. उदाहरणार्थ, शेवरलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं. अशा कंपनीची गाडी घेण्याआधी तिचे सुटे भाग जवळपास मिळतात का, ते तुमच्या मेकॅनिकला विचारा.

गावी उभी राहणारी गाडी

मुंबईत नोकरी आणि गावी घर असलेली अनेक कुटुंबं जुनी गाडी गावात ठेवतात. गणपती आणि शिमगा सोडला तर ती उभीच असते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात आणि पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक चिकटतात. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, बॅटरीची एक वायर काढून ठेवा आणि शेजारच्या माहीतगार माणसाला पंधरवड्याने दहा-पंधरा किलोमीटर फिरवायला सांगा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत साठवू नका. २०२३ आधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइपही तपासून घ्या.

आणि पूर आला, गाडी पाण्यात बंद पडली, तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला तर आतले भाग वाकतात. बॅटरी काढा, गाडी ओढून न्या आणि मेकॅनिकने बघेपर्यंत थांबा.

कधी नाही म्हणायचं?

विकणारा चढावर गाडी चालवू देत नसेल, मेकॅनिकला दाखवायला नकार देत असेल, चेसिस नंबर जुळत नसेल किंवा 'कागद नंतर' म्हणत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी गाडी सोडून द्या. बाकीच्या दोषांचं मोल करता येतं. मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा आणि पहिल्या वर्षाच्या कामांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. एक लाखाचं बजेट असेल, तर सत्तर-पंचाहत्तर हजारांची गाडी बघायची. उरलेले पैसे टायर, ब्रेक आणि आरटीओत लागतातच.