रुग्णनोंदी, संगणकीय (ब्रिटिश प्राथमिक आरोग्यसेवेतील)

रुग्णाचा पूर्वेतिहास, तपासणीतील निष्कर्ष, रोगनिदान, दिलेली औषधे व लसी यांविषयीची संगणकात साठविलेली आणि गरजेप्रमाणे पुन्हा पाहता येणारी माहिती म्हणजे संगणकीय रुग्णनोंद होय. प्राथमिक आरोग्यसेवेत अशा नोंदींचा प्रसार ज्या देशांत लवकर झाला, त्यांत ब्रिटनची गणना होते. तेथील कुटुंबवैद्यांनी संगणक स्वीकारला तो स्वतःच्या कामाची सोय पाहून. मात्र नोंदी चिकित्सालयाबाहेरील यंत्रणांच्या उपयोगासाठी मागितल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी विरोध केला.

पार्श्वभूमी : १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमानुसार विमेदार कामगारांना कुटुंबवैद्याची सेवा मिळू लागली व त्यांच्या नोंदी ठेवणे आवश्यक झाले. त्यासाठी वापरात आलेले लहान पाकीट अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखले जाते. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावरही तेच चालू राहिले. रुग्णाने वैद्य बदलला की पाकीटही नव्या वैद्याकडे जाई. त्यामुळे जन्मभराची माहिती एकत्र राहत असे. परंतु दाटीवाटीने कोंबलेली पत्रे व दुर्बोध हस्ताक्षर यांमुळे हवी ती बाब वेळेवर सापडणे कठीण होई. रुग्णाच्या समस्यांनुसार नोंदींची मांडणी करावी, असे अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले. या विचाराचा प्रभाव पुढील संगणकीय नोंदींवर पडला.

संगणकाचा प्रवेश : एक्सेटर येथील कुटुंबवैद्य जॉन प्रीस यांनी १९७० मध्ये तपासणीच्या खोलीत संगणकाचा वापर सुरू केला. १९८२ मध्ये शासनाने कुटुंबवैद्यांना सूक्ष्मसंगणक घेण्यासाठी अर्थसाहाय्याची योजना आखली. याच दशकात लफबरो येथील कुटुंबवैद्य जेम्स रीड यांनी रोग, लक्षणे व उपचार यांसाठी सांकेतिक वर्गीकरण तयार केले. १९८७ मध्ये दोन खाजगी कंपन्यांनी रुग्णांची नावे वगळलेल्या माहितीच्या मोबदल्यात संगणक देऊ केले. ही माहिती औषध उद्योगास विकून खर्च भरून काढण्याची कल्पना होती.

दीर्घकालीन रुग्णांना पुनःपुन्हा द्याव्या लागणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्या हे संगणकाच्या लोकप्रियतेचे मोठे कारण ठरले. हाताने लिहिण्याचे हे कंटाळवाणे काम यंत्राने हलके केले आणि त्याचा लाभ वैद्यांइतकाच स्वागतिकांनाही झाला. १९९० च्या करारात लसीकरण व गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाची चाचणी यांची उद्दिष्टे पूर्ण करण्यावर मोबदला अवलंबून ठेवण्यात आला. साहजिकच, कोणास बोलवावयाचे राहिले याची यादी देणारा संगणक उपयुक्त ठरला. कुटुंबवैद्य स्वतंत्र व्यावसायिक असल्याने कोणती यंत्रणा घ्यावयाची, हा निर्णयही बव्हंशी त्यांच्याच हाती होता. ऑक्टोबर २००० पासून कागदी नोंदींशिवाय केवळ संगणकीय नोंदी ठेवण्यास मुभा मिळाली.

आक्षेप : वैद्याची दृष्टी रुग्णाकडून पडद्याकडे वळते, हा जुना आक्षेप होय. रुग्णाची कथा संकेतांत बसविताना तिच्यातील बारकावे गळून पडतात, असेही अनेकांना वाटे. २००४ च्या करारात दर्जाच्या निर्देशकांशी मोबदला जोडला गेल्यावर रुग्णाच्या तक्रारीपेक्षा नोंदीतील रिकाम्या जागा भरण्याकडे लक्ष जाते, अशी टीका झाली. या नोंदींचे काम परिचारिकांकडेही मोठ्या प्रमाणात आले.

सर्वांत तीव्र मतभेद गोपनीयतेविषयी झाले. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये हाती घेतलेला राष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान कार्यक्रम मध्यवर्ती स्वरूपाचा होता. तो गुंडाळण्याची घोषणा २०११ मध्ये झाली. कुटुंबवैद्यांकडील माहिती मध्यवर्ती ठिकाणी संकलित करण्याची २०१३ मधील योजनाही, रुग्णांना पुरेशी कल्पना न दिल्याच्या टीकेनंतर, २०१४ मध्ये थांबविण्यात आली व २०१६ मध्ये बंद झाली. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना इतरत्र जाऊ नये, ही विरोध करणाऱ्या वैद्यांची भूमिका होती. दुसऱ्या बाजूस, याच प्रकारच्या निनावी नोंदींमुळे औषधांचे दुष्परिणाम व रोगप्रसार यांच्या संशोधनास मोलाची मदत झाली आहे. संशोधनाचा हा सार्वजनिक लाभ आणि रुग्णाचा विश्वास यांचा मेळ कसा घालावा, हाच या वादाचा गाभा होय.