भग्न वारशाचे चित्रकार : पवनार ते अजिंठा

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार आचार्य विनोबा भावे यांच्या आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. १९३८ साली विनोबाजी तेथे वास्तव्यास आले. जमीन खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. तेथे मिळालेल्या अनेक मूर्ती आश्रमात जपण्यात आल्या आहेत. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते.

याच घराण्याच्या वत्सगुल्म (वाशीम) शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची अनेक लेणी कोरली व रंगविली गेली. पुढे विस्मृतीत गेलेली ही लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. त्याने तेथील एका चित्रावरच आपले नाव कोरले!

१८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नियुक्ती झाली. त्यांनी परिश्रमपूर्वक रंगविलेली बहुतेक तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाली. गिल भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह हे कार्य पुन्हा केले. त्यातील अनेक चित्रेही १८८५ साली लंडनमध्येच जळाली. तथापि १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथामुळे अजिंठ्याची कीर्ती जगभर पोहोचली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस यांनीही येथे प्रतिकृती केल्या.

या कार्याला दुसरी बाजूही आहे. प्रतिकृती करताना मूळ चित्रांवर लावलेले व्हार्निश कालांतराने काळवंडले. पर्यटकांची वर्दळ वाढली, तशी नाजूक रंगांची हानीही वाढली. चित्र स्मृती जपते; मूळ वास्तूचे रक्षण मात्र माणसांनाच करावे लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, मौल्यवान पवित्र वस्तू व कलाकृती विकल्या अथवा विखुरल्या जाऊ नयेत, अशी दक्षता घेण्यास सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामातील जुनी वेदी, पुतळे वा कबरींवरील शिलालेख दुरुस्तीच्या निमित्ताने हलविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे व नोंदी करून ठेवाव्यात, जाणकारांचा सल्ला घ्यावा आणि शक्य तेथे मूळ वस्तू जागीच जतन करावी. पूर्वजांच्या श्रद्धेची ही ठेव पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.